बाख सिंथेसायझरवर वाजवला की व्हिडिओ गेमसारखा का वाटतो?

तुम्ही लिहिलंय की बाखची सी मेजरमधली टू-पार्ट इन्व्हेन्शन (दोन हातांच्या दोन स्वतंत्र सुरावटींची छोटी रचना) सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सिंथेसायझरवर भरली, एकूण एक नोट बरोबर आहे, तरी जुन्या व्हिडिओ गेमसारखं वाजतं. न ऐकता छातीठोकपणे सांगणं कठीण, पण माझा पहिला संशय सुरांच्या लांबीवर आहे. साउंड कुठला घेतला हा नंतरचा प्रश्न.

बाखच्या काळातलं हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं कळांचं वाद्य, पण त्यात तार छेडली जाते. कळ हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. मग वादक भर कसा देतो? ज्या नोटेवर वजन हवं तिच्या आधीची नोट जरा आखूड तोडतो. त्या इवल्याशा फटीमुळे पुढचा सूर ठसठशीत उमटतो. माउसने भरलेल्या मिडी फाइलमध्ये (कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या नोंदी) सगळ्या नोटा एकाच मापाच्या असतात, त्यामुळे ही फटच नाहीशी होते. क्वांटाइझ (नोटा आपोआप तालाच्या चौकटीत बसवणारी सोय) काढून टाका आणि एकेक हात स्वतः वाजवून रेकॉर्ड करा. टेम्पो कमी ठेवला तरी चालेल.

आता साउंड. इथे वेंडी कार्लोस यांचा 1968 चा ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा सिंथेसायझरवर वाजवलेल्या बाखचा अल्बम कान देऊन ऐकाच. त्यांच्या मूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजायचा. म्हणजे दोन आवाजांची इन्व्हेन्शनसुद्धा एका दमात वाजवणं अशक्य. प्रत्येक ओळ वेगळी वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक चढवायची. त्यात ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे सर्किट) सारखे बेसूर व्हायचे, म्हणून थोडं वाजवा, पुन्हा जुळवा. वैताग असणारच, पण त्यामुळेच प्रत्येक ओळीला स्वतःचा आवाज मिळाला. त्या रेकॉर्डला तीन ग्रॅमी मिळाले, तेही शास्त्रीय विभागात.

तुमच्या तुकड्यात उजवा हात ‘सा रे ग म रे ग सा प’ म्हणतो आणि दोन मात्रांनंतर डावा तेच खालच्या सप्तकात म्हणतो. दोघांना एकच पियानोछाप पॅच (सिंथमधला तयार साउंड) दिलात तर ही सवाल-जवाबाची गंमत अर्धी विरते. सॉटूथ आणि स्क्वेअर हे सिंथमधले दोन मूळ ध्वनिलहरींचे प्रकार; उजव्याला फिल्टर लावून धार कमी केलेली सॉटूथ, डाव्याला जरा पोकळ स्क्वेअर देऊन बघा. अटॅक (सूर उमटायला लागणारा वेळ) अगदी कमी, सस्टेन (कळ दाबून ठेवल्यावर टिकणारा आवाज) खाली, रिलीज (कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) आखूड. दोन्ही आवाज थोडे डावी-उजवीकडे सरकवा. रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा) सुरुवातीला शून्य. बहुतेक जण (विशेषतः यूट्यूबवरचे ‘ॲम्बियंट बाख’वाले) इथेच सगळा चिखल करतात.

बाखला हे चाललं असतं का, असंही तुम्ही विचारलंय. त्याने स्वतः विवाल्दी या इटालियन संगीतकाराचे व्हायोलिन कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबतच्या रचना) ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी उतरवले होते, त्यामुळे वाद्य बदललं म्हणून तो भडकला असता असं मला वाटत नाही. ब्रँडनबर्ग कॉन्चेर्टो क्रमांक 3 च्या मधल्या भागात तर त्याने फक्त दोन कॉर्ड लिहून ठेवलेत. कार्लोस यांनी तिथे स्वतःचं संगीत घातलं. इन्व्हेन्शन जमली की पुढे तोच भाग घ्या, तिथे तुम्हालाही मोकळं रान आहे.