जी लस अजून नाही, तिच्यासाठी शिकावे का?

डोंबिवलीच्या पालक भगिनीस,
सप्रेम नमस्कार.

आपले पती व्हेंटिलेटरवर असताना त्यांना रुग्णालयातच न्यूमोनिया झाला आणि तेव्हापासून बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी अशा न्यूमोनियाच्या जंतूंवर लस शोधण्याचे म्हणते आहे. जी लस आजवर कोणालाच साधली नाही, तिच्यापायी तिने उमेदीची वर्षे घालवावीत का, असे आपण विचारता.

आपली काळजी रास्त आहे. रुग्णालयात असा न्यूमोनिया करणाऱ्या स्यूडोमोनास या जंतूवरील एक लस व्हेंटिलेटरवरील सुमारे ८०० रुग्णांना देऊन पाहिली गेली. प्रतिपिंडे तयार झाली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. नेहमीच्या लशीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या हाती तेवढे दिवस नसतात. त्यात क्लेबसिएला या अशाच दुसऱ्या एकट्या जंतूच्या बाह्य आवरणाचेच सत्तरहून अधिक प्रकार आहेत, म्हणजे एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही. म्हणूनच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांची लस एकेका जंतूला लक्ष्य न करता जन्मजात प्रतिकारशक्तीलाच जागे करते, आणि उंदरांना तिच्या एका मात्रेने २४ तासांत मिळालेले संरक्षण २८ दिवसांपर्यंत टिकले. माणसांत हे साधेल का, हा प्रश्न आपल्या मुलीच्या पिढीसमोर आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

तेव्हा तिला अडवू नये, मात्र पाया रुंद ठेवावा. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ आणि ‘गॅट-बी’ या प्रवेश परीक्षांची तयारी तिने आतापासून करावी, प्रतिकारशास्त्र मन लावून शिकावे आणि संख्याशास्त्र टाळू नये, कारण चाचणी फसली की का फसली हे त्याशिवाय कळत नाही. हे शिक्षण वाया जात नाही: लशींची गुणवत्ता तपासणी, औषध चाचण्या आणि रुग्णालयांतील संसर्ग नियंत्रण या सर्व ठिकाणी ते लागते.

त्याआधी तिने एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत महिनाभर काम करावे. मॅकॉन्की अगार या जंतू वाढवण्याच्या माध्यमावरची क्लेबसिएलाची गुलाबी, बुळबुळीत वसाहत तारेच्या कडीने उचलताना कधी कधी पाकासारखी तार धरते. घरच्या माणसाच्या छातीत बसलेला जंतू असा समोर पाहूनही तिला रोज तेच काम करावेसे वाटते का, हे तिचे तिलाच कळेल. मे महिन्यातील जागा लवकर भरतात, म्हणून विभागप्रमुखांचे पत्र जोडून तिने अर्ज याच आठवड्यात द्यावा.