‘मध्यावधी’: कोणाच्या मुदतीचा मध्य?

अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे : ‘२०२२ साली आमच्याकडे मध्यावधी निवडणूक आहे असे फोनवर सांगताच सांगलीच्या आत्याने “अगं, सरकार पडलं का?” असे विचारले. मग तिथल्या निवडणुकीला मध्यावधी म्हणणे चूक आहे का?’

शब्द चुकीचा नाही; पण आत्याबाईंची शंकाही रास्त आहे. मध्य आणि अवधी यांचा संधी होऊन झालेल्या या शब्दाचा सरळ अर्थ मुदतीच्या मध्यात होणारी, एवढाच आहे. आपल्याकडे मात्र सभागृह मुदतीआधी विसर्जित झाले की जी निवडणूक घ्यावी लागते, तिच्यासाठीच तो रूढ झाला. १९७१ आणि १९८० च्या लोकसभा निवडणुका अशा होत्या. महाराष्ट्रातही १९७८ साली निवडून आलेली विधानसभा दोन वर्षांतच विसर्जित होऊन १९८० मध्ये पुन्हा मतदान झाले. म्हणूनच आपण मध्यावधी निवडणुका ‘लादल्या’ असे सहज म्हणतो. खरे तर या अर्थी ‘मुदतपूर्व’ हा शब्द अधिक नेमका आहे.

अमेरिकेत ही निवडणूक कोणी लादत नाही. सम वर्षी नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान ठरलेलेच असते, आणि अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यात येणाऱ्या मतदानाला हे नाव मिळते. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी ओहायोच्या मतदारांनी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहातील १५ जागांसाठी, सिनेट या वरिष्ठ सभागृहातील एका जागेसाठी आणि गव्हर्नरपदासाठी मतदान केले. (येथे ‘राज्यपाल’ लिहू नये, आपले राज्यपाल नेमलेले असतात, तर गव्हर्नर हा लोकांनी निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो.) प्रतिनिधींची दोन, गव्हर्नरांची चार आणि सिनेटरची सहा वर्षांची मुदत पुरी होत आली होती. मध्य होता तो एकट्या जो बायडेन यांच्या मुदतीचा, आणि त्यांचे नाव तर मतपत्रिकेवर नव्हतेच!

त्याच मतपत्रिकेवर ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी तीन जागाही होत्या. मुख्य न्यायाधीशपदासाठी शॅरन केनेडी आणि जेनिफर ब्रनर यांच्यात लढत होऊन केनेडी विजयी झाल्या. सार्वत्रिक मतदानाच्या मतपत्रिकेवर या पदांच्या उमेदवारांपुढे पक्षाचे नाव छापले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. न्यायाधीश म्हटले की आपल्या तोंडी ‘नेमणूक’ किंवा ‘नियुक्ती’ येते, पण येथे ‘निवडणूक’ हाच शब्द योग्य आहे, कारण प्रचार, मतदान आणि मतमोजणी हे सारे तेथे खरोखरच घडते.

माझे मत असे, की अमेरिकेसंदर्भात ‘मध्यावधी’ जरूर लिहावे, मात्र पहिल्या उल्लेखात ‘अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यात येणारी’ हे शब्द जोडावेत. आत्याबाईंना मात्र ‘सरकार पडलं नाही, दर चार वर्षांनी होते तीच राज्याची निवडणूक आहे, आणि न्यायाधीशही आम्हीच निवडतो’ असे सांगितले तर मध्यावधी हा शब्द वापरण्याची गरजच पडणार नाही.