या एप्रिलमध्ये कोणती रेकॉर्ड घ्यावी?

आपण विचारले आहे की, आपण सांगलीच्या विश्रामबागेत राहता, नुकतेच टर्नटेबल घेतले आहे, महिन्याला चार हजार रुपये रेकॉर्डसाठी बाजूला काढता, आवड रागसंगीत आणि जॅझ अशी दोन्हीकडे आहे. मात्र नव्या आणि पुन्हा छापलेल्या एलपींची यादी एवढी लांबलचक असते की या एप्रिलमध्ये नेमके काय घ्यावे ते ठरत नाही. माझे मत असे की या महिन्यात एकच रेकॉर्ड घ्यावी, अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’, तीही मुंबई-पुण्याच्या एखाद्या दुकानात स्वतः जाऊन, आणि उरलेले पैसे जूनपर्यंत हातात ठेवावेत.

ही रेकॉर्ड सुचवण्यात नवे काय, असे आपल्याला वाटेल, कारण ती कधीच बाजारातून गेलेली नाही. मी ती सुचवतो ते पुनर्मुद्रण कशासाठी घ्यायचे हे तिच्यावरून जितके स्पष्ट कळते तितके दुसऱ्या कशावरून कळत नाही म्हणून. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण झाले. मार्चच्या सत्रात ज्या यंत्रावर मुख्य टेप फिरत होती ते यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे ती टेप पुढे योग्य गतीने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ सुरापेक्षा थोड्या चढ्या ऐकू येत. तीन दशकांहून अधिक काळ जगभर तीच चूक छापली जात होती. खबरदारी म्हणून त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली टेप १९९० च्या दशकात वापरात आली, ती बरोबर गतीची निघाली, आणि मग सूर जागेवर आला.

माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली एक जुनी प्रत आहे आणि एक अलीकडची. दोन्ही घेऊन मी एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत एका परिचित कारागिरांकडे गेलो होतो. जॅझशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. ते तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी काढत बसले होते, हातातले काम न थांबवता त्यांनी दोन्ही प्रतींची पहिली रचना ऐकली, मग शेजारची पेटी ओढून दोन पट्ट्या दाबल्या आणि आधी नव्या, मग जुन्या प्रतीकडे बोट करून म्हणाले, “ही बरोबर पांढरी दोनमध्ये बसतीय बघा. ती मात्र पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधी कुठंतरी लोंबकळतीय.” संग्राहक ज्या पहिल्या छपाईसाठी वाटेल ती किंमत मोजतात, तिच्यावर त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. मला स्वतःला तो फरक कळायला काही वर्षे लागली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.

तेव्हा पुन्हा छापलेली रेकॉर्ड पाहताना पहिला प्रश्न एवढाच विचारावा की ती कशावरून कापली आहे, म्हणजे तिच्या खाचा कोणत्या मूळ ध्वनिमुद्रणावरून कोरल्या आहेत. भारतीय संगीताच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा ठरतो. मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एक जाहिरात दाखवली, तीत १९३० च्या दशकातील गायनाचा संच ‘मूळ टेपवरून’ तयार केल्याचे मोठ्या अक्षरांत छापले होते. त्या काळी आपल्याकडे गाणे टेपवर घेतच नसत. ते थेट मेणाच्या तबकडीवर कोरले जाई, तिच्यावरून धातूचा साचा होई आणि त्या साच्यातून मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्ड निघत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आजही दरवर्षी गायक हजेरी लावतात, ते खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या सुप्रसिद्ध ठुमऱ्या आज आपण ऐकतो त्या अशा तीन-सव्वातीन मिनिटांच्या बाजूंवरून घेतलेल्या आहेत. ते गाणे एलपीवर यायचे तर मूळ साचा किंवा जपलेली लाखेची रेकॉर्ड एवढाच आधार असतो. मग खरखर काढण्याचे काम सुरू होते, आणि तिथेच बहुतेक घोटाळा होतो. खरखर आणि तंबोऱ्याची गुंजन यांत संगणकाला फारसा भेद करता येत नाही. एक पुसली की दुसरीही पुसट होते आणि गायक भिंतीआड उभा राहून गातो आहे असे वाटू लागते. थोडी खरखर शिल्लक ठेवलेली छपाई मी केव्हाही पसंत करीन. अशा गायनाच्या एचएमव्हीने पूर्वी काढलेल्या जुन्या एलपी मिळाल्या तर नव्या गुळगुळीत संचापेक्षा त्या घ्याव्यात.

‘मूळ टेप’ या शब्दांना परदेशातही फार जपून घ्यावे लागते. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या आवृत्त्या याच शब्दांच्या जोरावर खपत असत. त्यांतल्या अनेकींत मधला एक टप्पा डिजिटल होता, म्हणजे टेपवरचा आवाज आधी संगणकी रूपात उतरवून मग खाचा कोरल्या जात, हे २०२२ मध्ये उघड झाले आणि मोठा गदारोळ उडाला. गंमत अशी की तोवर त्या आवृत्त्यांच्या आवाजाची तारीफ करणाऱ्यांत डिजिटलला नाक मुरडणारेच पुष्कळ होते. मला स्वतःला डिजिटल टप्प्याचे वावडे नाही. तो आहे की नाही हे कव्हरवर लिहिलेले असावे, इतकीच अपेक्षा आहे. या बाबतीत ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची ‘क्लासिक व्हिनाइल’ ही मालिका मला सरळ वाटते. ‘टोन पोएट’ या तिच्याच थोरल्या मालिकेपेक्षा ती स्वस्त आहे आणि कव्हर साधे आहे, पण दोन्हींचे कटिंग केव्हिन ग्रे हे एकच तंत्रज्ञ करतात. चार हजारांच्या हिशेबात थोरलीच्या मागे लागण्याचे कारण नाही.

१८० ग्रॅम वजन, रंगीत प्लास्टिक, चित्र छापलेली तबकडी यांसाठी जादा पैसे देऊ नयेत. वजनाने आवाज सुधारत नाही आणि चित्राच्या तबकडीवर तर खरखर जास्तच असते. एका बाजूला किती मिनिटे भरली आहेत ते मात्र जरूर पाहावे. वीस-बावीस मिनिटांपुढे खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. तीच एलपी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने दोन तबकड्यांवर काढली तर आवाज खरोखर सुधारतो, पण विलंबित ऐन रंगात आले असताना उठून बाजू पालटावी लागते. जॅझसाठी ते चालेल, ख्यालासाठी मी तो त्रास घेणार नाही.

आता उरलेले पैसे जूनपर्यंत का राखायचे ते सांगतो. एप्रिलमधल्या एका शनिवारी जगभर ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो. २००८ मध्ये ही प्रथा अमेरिकेत सुरू झाली आणि आता वर्षातील पुष्कळशा खास आवृत्त्या त्याच दिवशी बाहेर पडतात. आपल्याकडे त्या मागवायच्या म्हणजे पार्सल ऐन वैशाख वणव्यात पत्र्याच्या शेडमध्ये आणि बंद टेम्पोत दिवस काढणार. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी एक एलपी अशीच तीन दिवस कुठेतरी पडून राहिली. घरी आली तेव्हा तिच्या एका कडेला पापडासारखी लाट उठलेली होती. सुई त्या लाटेवर चढे, उतरे, आणि दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, सारंगी हेलकावा खाई. दोन काचांमध्ये दाबून महिनाभर ठेवली, पण उपयोग झाला नाही. पाठवणाऱ्यांनी आणि पोहोचवणाऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले, मला कोणीच पैसे दिले नाहीत.

मृगाचा पाऊस पडला की पार्सल मागवायला हरकत नाही. त्या वेळी चरणजित सिंग यांची १९८२ सालची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ शोधावी. हिंदी चित्रपटसंगीतातील या वादकाने रोलँड या जपानी कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग वाजवले आणि ती रेकॉर्ड विसरली गेली. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले. तिची मूळ प्रत आपल्या खिशाला परवडणार नाही, म्हणून इथे पुनर्मुद्रणच घ्यावे. त्यात मेघमल्हारही आहे. याउलट गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या ज्या एलपी सारेगामा अलीकडे पुन्हा काढते आहे, त्यांच्या जुन्या प्रती अजून घरोघरी माळ्यावर पडलेल्या आहेत. त्यांतली एखादी स्वच्छ प्रत दोन-चारशे रुपयांत मिळत असेल तर नवीसाठी दोन-अडीच हजार कशाला घालवायचे?

नवी तबकडी आली की सर्वांत आधी नुसता तंबोरा ऐकावा. आलापाच्या आधीची ती दहा-पंधरा सेकंदे पुरतात. मधले भोक बिनचूक मध्यावर नसेल तर तंबोरा संथपणे वर-खाली डोलतो. जॅझच्या गर्दीत हे लक्षात येत नाही, म्हणून तिथे शेवटी रेंगाळणारा पियानोचा एकेक स्वर ऐकावा. दोष आढळला तर त्याच दिवशी परत पाठवावी, कारण हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

आणि कव्हरच्या मोहाने पेटीबंद संच घेऊ नयेत. मी गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तळमजल्यावरचे माझे कपाट चार दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर कव्हरांचा लगदा झालेला होता, लेबलांवरची अक्षरे विरघळली होती. तबकड्या मात्र मी नळाखाली धरून गाळ काढला, अंगणात सावलीत उभ्या करून वाळवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक आजही वाजतात. फक्त कोणती कोणाची ते सुई टेकवल्याशिवाय कळत नाही.