लेझर प्रोजेक्टरवाल्या थिएटरात पडदा मुद्दाम हलवतात म्हणे, खरंय का?

हो, काही थिएटरांत खरंय, पण झुलवत नाहीत हो, पडद्यामागे छोटे व्हायब्रेटर लावतात, थरथर इतकी बारीक की सीटवरून कळतही नाही. भानगड अशी की आरजीबी (लाल, हिरवा, निळा) लेझरच्या प्रकाशलाटा एकदम शिस्तीतल्या, त्या पडद्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून परतताना एकमेकींत मिसळतात आणि चित्रावर चमचमते कण दिसतात, त्याला स्पेकल म्हणतात. मोकळ्या, एकरंगी आकाशाचा सीन आला की बघा, डोकं जरा हलवलं की कणही सरकतात! पडदा थरथरला की कणांची नक्षी सतत बदलते, डोळा त्यांची सरासरी काढतो आणि कण पुसट होतात. थ्रीडीच्या सिल्व्हर स्क्रीनवर, म्हणजे चंदेरी लेपाच्या पडद्यावर, हा त्रास जास्त. जुन्या प्रोजेक्टरातल्या झेनॉन दिव्याला ही कटकटच नव्हती.