जुन्या स्टीरिओ रिसीव्हरवर एफएम लागेनासा झालाय, बाकी सगळं चालतंय. दोष कुठे शोधावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वडिलांनी १९७९ साली मस्कतहून आणलेला जपानी रिसीव्हर, रेकॉर्ड आणि ऑक्स झकास वाजतात, पण या पावसाळ्यानंतर एफएमवर नुसती खरखर. ९८.३ मधूनच पुसट येतं आणि जातं. मेकॅनिक म्हणतो, ट्यूनरचं (स्टेशन पकडणाऱ्या भागाचं) बोर्ड गेलं, पार्ट मिळत नाहीत, त्या जागी ब्लूटूथ बसवून देतो.

ब्लूटूथला आधी ठाम नाही म्हणा. खरखर येतेय आणि एक स्टेशन पुसट का होईना लागतंय, म्हणजे ट्यूनर बऱ्यापैकी जिवंत आहे. मी पुण्यात हौसेखातर असे सेट उघडत असतो, आणि ‘एफएम गेला’ म्हणून आलेल्या सेटमध्ये आयसी किंवा ट्रान्झिस्टर खरोखर मेलेला क्वचितच निघतो. अँटेना, कळकट स्विच नाहीतर गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), यातच बहुतेक वेळा उत्तर सापडतं. म्हणून बाहेरून आत या, आणि सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी तापवा.

सेट न उघडता तीन गोष्टी पाहा. एक, एएम लागतो का? लागत असेल तर ट्यूनरला मिळणारा सप्लाय बहुधा ठीक आहे आणि दोष फक्त एफएमच्या वाटेवर आहे. दोन, पुढचं एफएम म्यूटिंगचं बटण बंद करा. दोन स्टेशनांमधली खरखर दाबण्यासाठी ते असतं, पण सिग्नल कमजोर असला की ते स्टेशनालाही दाबतं. म्यूटिंग काढल्यावर स्टेशनं नीट लागली तर सिग्नल तेवढा कमी पडतोय. लागली पण आवाज फाटका आला, तर डिटेक्टरची (सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाची) कॉइल सरकली असण्याची शक्यता जास्त. तीन, सिग्नलच्या मीटरचा काटा स्टेशनावर उचलतो का ते बघा. काटा छान उचलतो आणि तरी आवाज नाही, तर दोष मीटरच्या पुढे, डिटेक्टरकडे. काटा हलतच नाही, तर दोष मागे, अँटेनाच्या बाजूला. तुमच्या वर्णनावरून तुमचा सेट या दुसऱ्या गटातला वाटतो.

आता अँटेना. मागच्या बाजूला ३०० ओहमचे दोन स्क्रू, शेजारी ७५ ओहम, आणि त्यांना चिकटूनच एएमचा स्क्रू असतो. साफसफाईत सुटलेली वायर चुकून एएमच्या स्क्रूला लागलेली मी पाहिली आहे. गच्चीवरून केबल येत असेल तर ती सरळ काढून ठेवा. पावसात तिथला सांधा हिरवा पडलेला असतो. त्याऐवजी ७५ सेंटिमीटरचे वायरचे दोन तुकडे घ्या, ३०० ओहमच्या दोन स्क्रूंना एकेक लावा आणि विरुद्ध दिशांना ताणून भिंतीवर चिकटवा. ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास अर्धी तरंगलांबी साधारण दीड मीटर होते, म्हणून हे माप. प्रयोग करताना जवळचे एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स बंद ठेवा. एवढ्यावर १०१ आणि ९८.३ खणखणीत लागले तर पुढचं वाचायची गरज नाही.

(दुसऱ्या कुणी हे वाचत असेल तर: जपानच्या देशी बाजारासाठी बनलेला जुना सेट घेतला असेल तर त्याचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झच असतो. आपली स्टेशनं ९० च्या वर. तो सेट बिघडलेला नाही, तो तसाच आहे. तुमचा मस्कतहून आलेला, तेव्हा डायलवर ८८ ते १०८ असणार.)

सेट उघडायचा तर आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मोठे फिल्टर कंडेन्सर थोडा वेळ चार्ज धरून ठेवतात, आणि ट्यूनर जेमतेम बारा-तेरा व्होल्टवर चालत असला तरी पॉवर स्विच आणि फ्यूजपाशी २३० व्होल्ट उघडे असू शकतात.

पहिला मान सिलेक्टर स्विचचा, म्हणजे रेकॉर्ड, ऑक्स, एफएम निवडायच्या नॉबचा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा आत मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेच वेळा फिरवायचा. म्यूटिंग आणि मोनोच्या बटणांनाही तेच. गंज सोडवायचा साधा स्प्रे मात्र इथे नको, तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर धूळ बसते.

मग गँग. ट्यूनिंगचा नॉब फिरवला की डायलच्या दोरीमागे जो पत्र्यांचा पंखा फिरतो, तीच. तुमच्या सेटमध्ये माझा सगळ्यात जास्त संशय हिच्यावर आहे. फिरणाऱ्या पत्र्यांचा दांडा अर्थिंगला जोडलेला राहावा म्हणून प्रत्येक कप्प्यापाशी एक छोटी पितळी पट्टी त्या दांड्यावर घासत असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिथलं ग्रीस सुकून लाखेसारखं कडक होतं, पट्टी काळी पडते आणि अर्थिंग धड लागत नाही. एएमला याचं फारसं काही वाटत नाही. एफएमच्या वारंवारतेला मात्र एवढ्यातेवढ्या सैल संपर्कानेही ऑसिलेटर (स्टेशन निवडण्यासाठी सेटच्या आतच लहर तयार करणारा भाग) बंद पडतो किंवा सरकतो. स्टेशन येणं-जाणं, नॉब फिरवताना करकर होणं, अर्धा बँड लागणं आणि अर्धा गायब असणं, ही सगळी याचीच लक्षणं. दमट हवेनंतर ती उफाळतात हेही तुमच्या गोष्टीशी जुळतं.

यावर उपाय फुकटासारखा आहे. टूथपिकच्या टोकावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब घ्यायचा, नेमका पट्टी आणि दांडा भेटतात तिथे सोडायचा, नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवत राहायचा, काळं पाणी सुटलं की कापसाने टिपायचं. पत्र्यांवर फवारा मारू नका, ब्रशने खरवडू नका. एखादा पत्रा वाकला तर डायलवरचे आकडे कायमचे खोटे बोलायला लागतील. पूर्ण सुकल्याशिवाय सेट चालू करू नका.

तरीही फरक नाही, तर ऑसिलेटर चालतोय का हे बघायची एक सोपी युक्ती आहे, मीटर-बिटर काही लागत नाही. बहुतेक अशा सेटचा लोकल ऑसिलेटर डायलवरच्या आकड्यापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. एक छोटा एफएम रेडिओ रिसीव्हरला खेटून ठेवा, तो १०२.७ वर लावा (तिथे स्टेशन असेल तर जरा बाजूला सरका) आणि आता रिसीव्हरचा नॉब ९२ च्या आजूबाजूला अगदी हळू फिरवा. एका जागी छोट्या रेडिओची खरखर एकदम गप्प होईल. झाली, तर ऑसिलेटर ठणठणीत आहे. ती जागा ९२ ऐवजी ९४ वर सापडली तर डायलची दोरी घसरलीय किंवा ट्रिमर (बारीक जुळवणीचा छोटा कंडेन्सर) हललाय. कुठेच गप्प झाली नाही तर ट्यूनरचा सप्लाय मल्टिमीटरने मोजा: रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर, त्याचा झेनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड), आणि शेजारचा फुगलेला किंवा सुकलेला कंडेन्सर. तो कंडेन्सर १०५ डिग्रीवाला घेऊन खुशाल बदला. एफएमच्या पत्र्याच्या डबीतले चिमुकले सिरॅमिक कंडेन्सर मात्र उगाच बदलू नका.

ऑसिलेटर चालू, गँग स्वच्छ, तरी जवळची दणदणीत स्टेशनंसुद्धा पुसटच, असं असेल तर अँटेनाला लागून असलेला पहिला एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेलेला असू शकतो. गच्चीवर अँटेना असेल तर आसपास वीज कडाडल्यावर तो जाणं नवलाचं नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. पार्ट पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पण जुन्या जपानी नंबरांच्या नावाखाली नकली माल बराच फिरतो. सोल्डर करण्याआधी टेस्टरवर तपासून घ्यायला सांगा.

आणि आयएफटीच्या (ट्यूनरमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांच्या) त्या रंगीत गाभ्यांना, म्हणजे चौकोनी डब्यांच्या तोंडाशी दिसणाऱ्या स्क्रूसारख्या गोष्टींना, हात लावू नका. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने तर नाहीच. फेराइटचा गाभा तडकतो, आणि न तडकला तरी अलाइनमेंट (त्यांची मूळ जुळवणी) पुन्हा बसवायला सिग्नल जनरेटर लागतो. ‘जरा फिरवून बघू’ म्हणून सगळे गाभे फिरवलेला सेट मूळ बिघाडापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो. मेकॅनिकने ते आधीच फिरवलेत का, हे त्याला स्पष्ट विचारा. गाभ्यांवर कंपनीचं मेण किंवा रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला दिसला तर कळेलच.

वायरचे दोन तुकडे लावून काय झालं, एएम लागतो का, आणि छोट्या रेडिओची खरखर डायलवर कुठे गप्प झाली, एवढं प्रतिक्रियेत लिहा. सोबत मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर दिलात तर सर्किट पाहून कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत ते सांगता येईल.