‘तिच्यात कला नाही, एवढं तुम्ही सांगा’

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलगी यंदा बी.कॉम. झाली, ६४ टक्के. कॉलेजला गेल्यापासून रोज संध्याकाळी ती गावातल्या कलामंडळात असते. मंडळ जुनं आहे. नाटक, भजन स्पर्धा, मे महिन्यात मुलांचं शिबिर असं काहीबाही चालतं. तिथे ना पगार, ना भवितव्य. बरं, हिला ना गाता येतं ना अभिनय. तरी आता पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचा फॉर्म भरायचा म्हणते. मी तिच्यासाठी पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली आहे, एमपीएससीच्या क्लासचा पहिला हप्ता आणि अभ्यासिकेचे तीन महिन्यांचे पैसे भरले आहेत. ती जायला तयार नाही. मॅडम, आपण तिची कल चाचणी घ्यावी आणि तिच्यात कला नाही हे आपल्या तोंडून तिला सांगावं. आमचं ऐकत नाही. तिचा वेळ कशात जातो ते कळावं म्हणून तिच्या वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत. शिवाय ‘नाटकात असते’ म्हटलं की स्थळं मागे सरतात, हेही आहेच.
– एक पालक

सर, नमस्कार.

तुम्ही मागितलंय ते मी करणार नाही, हे आधीच सांगते. कल चाचणीत माणसाची आवड कुठे आहे, आकडेमोड, भाषा, आकृत्या यांत त्याची गती कशी आहे, याचा अंदाज येतो. ‘हिच्यात कला नाही’ असा निकाल देणारी चाचणी माझ्याकडे नाही. असती तरी वडिलांनी निकाल आधी लिहून दिल्यावर ती घेण्यात अर्थ नव्हता. घरातलं भांडण जिंकायला तुम्हाला बाहेरचा साक्षीदार हवाय. असे पालक माझ्याकडे नेहमी येतात. दाराबाहेर मुलाला बसवून आत येतात, हळू आवाजात ‘तुम्ही जरा सायन्सचं सांगा हं’ म्हणतात आणि फीचं पाकीट टेबलावर ठेवतात. मुलांना हे कळत नाही असं त्यांना वाटतं. मुलांना सगळं कळतं, आणि पुढे कोणत्याही समुपदेशकावर ती विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं, जागा घेतली, हप्ता भरला, अभ्यासिकेची खुर्ची धरली, आणि हे सगळं झाल्यावर मुलीला सांगितलं. बावीस वर्षांच्या आसपासची पदवीधर मुलगी आहे ती. तुमच्या पत्रात सगळं ‘मी’ केलंय, ‘आमचं’ एकदाच आलंय, आणि तिच्या आईचं मत मला शोधूनही सापडलं नाही. वहीचे फोटो तरी तिला विचारून काढलेत का? नसतील तर आज घरी तसं सांगून टाका. मी ते पाहिलेत हेही सांगा, नाहीतर माझ्यापुढे ती बसेल तेव्हा तोंड चुकवायची पाळी माझ्यावर येईल.

आणि शेवटची ओळ, स्थळांची. माझ्या अंदाजाने बाकीचं सगळं पत्र त्या ओळीसाठी लिहिलंय. एमपीएससी झाली तर चांगलं स्थळ येईल आणि नाही झाली तरी ‘पुण्यात अभ्यास करते’ हे सांगायला बरं दिसतं, असा हिशोब घरोघर असतो. तो करायला तुम्ही मोकळे आहात, पण त्याला करिअरचा प्रश्न म्हणू नका आणि त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.

आता त्या दोन पानांबद्दल. तुम्ही पुरावा म्हणून पाठवलीत, मी मात्र ती दोनदा वाचली.

डाव्या पानावर मंडळाच्या सामानाची देवघेव आहे. कोणी काय नेलं, कधी, परत आलं का. पेटी भजनी मंडळाला, दोन हॅलोजन आणि डिमर कॉलेजच्या गॅदरिंगला, तबल्यापुढे ‘पुडी फुटून आली, खर्च निम्मा-निम्मा ठरला’ आणि खाली समोरच्याची सही. एका ओळीत ‘जि. प. शाळा, फेटे २२, परत २१’. सर, गावात शाळा एकापेक्षा जास्त असतील, पण ही तुमची तर नाही ना? तुमच्या स्नेहसंमेलनातले पोवाड्याचे फेटे कुठून येतात, हे एकदा बघा. उजव्या पानावर राज्य नाट्य स्पर्धेसाठी पुण्याला न्यायच्या नाटकाचा खर्च आहे : टेम्पो, हमाली, मेकअपचं सामान, माणसांचं जेवण, संहितेला प्रयोगाची परवानगी मिळून सेन्सॉर नंबर आल्याची नोंद, आणि ‘पेंटरकाका, पडदा, ४,००० पैकी १,५०० दिले, बाकी प्रयोगाआधी द्यायचेच’. त्या ‘द्यायचेच’खाली दोन रेघा मारल्यात.

त्या दोन रेघांवर मी बराच वेळ थांबले. फ्लेक्स आल्यापासून तालुक्याच्या गावांतले बोर्ड रंगवणारे पेंटर बसले. दुकानांच्या पाट्या गेल्या, निवडणुकीच्या भिंती गेल्या. हात चांगला असलेला माणूस घराला रंग द्यायला जाऊ लागला. तुमच्या गावातल्या अशा एका माणसाला वर्षातून एकदा तरी मोठा पडदा रंगवायला मिळतो आणि त्याचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून एक मुलगी वहीत रेघा मारून ठेवते. नऊवारी शिवणारा शिंपी, ढोलकीवाला, शाळेतली मुलं, आषाढीला अभंग रचणारे एखादे निवृत्त तलाठी, ही सगळी माणसं गावात तशीही असतातच. पण रोज संध्याकाळी एक खोली उघडी असणं, तिथे चालू स्थितीतली पेटी असणं, कोणीतरी तारीख ठरवून ‘या’ म्हणणं, हे आपोआप होत नाही. मंडळ ते करतं. आणि मंडळाचं ते काम सध्या तुमची मुलगी करते, असं या पानांवरून दिसतं.

तुमचा जो गैरसमज मला खोडायचाय तो हाच आहे. कलेच्या क्षेत्रात जायचं म्हणजे कलाकारच व्हायचं आणि गाता-नाचता येत नसेल तर तिथे काम काय, असं तुम्ही धरून चालला आहात. पुण्यातलंच बघा. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरते. त्यातून पुढे आलेल्या नटांची नावं तुम्हीही धडाधड सांगाल. पण स्पर्धा भरवते ती महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था. प्रवेशिका घेणं, कोणाचा प्रयोग कधी याच्या चिठ्ठ्या (लॉट्स) काढणं, परीक्षक ठरवणं, वेळेवर पडदा वर जाईल हे पाहणं, ही कामं वर्षानुवर्षं करणाऱ्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत, मलाही सगळी नाहीत. भरत नाट्य मंदिर हे नाट्यगृह १८९४ साली सुरू झालेल्या संस्थेचं आहे. इतकी वर्षं संस्था टिकते तेव्हा तिच्यामागे हिशोब ठेवणारी, भाडं वसूल करणारी, दिवे बदलणारी माणसं असतात. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, तो चालवायला आर्य संगीत प्रसारक मंडळ लागतं. व्यावसायिक नाटकात तर सूत्रधार हा सरळ धंद्याचा माणूस असतो. तारखा मिळवणं, नाट्यगृहाचं भाडं, कलाकारांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, बस, दौरा, सगळं त्याच्याकडे. त्याला कोणी ‘जरा गाऊन दाखव’ म्हणत नाही. तुमची मुलगी या जातीची आहे. आणि बी.कॉम. झाली म्हणजे वाया गेली असंही नाही, या कामाला वाणिज्य शाखेचीच माणसं कमी पडतात.

म्हणूनच ललित कला केंद्राचा फॉर्मही भरू नये असं माझं मत आहे. हे वाचून तुम्हाला आनंद होईल, पण कारण तुमचं नाही. विद्यापीठातलं हे केंद्र १९८७ पासून आहे, उत्तम आहे, पण तिथे संगीत, नृत्य, नाट्य शिकायला जायचं असतं, प्रवेशालाही करून दाखवावं लागतं. तिला रंगमंचावर उभं राहायचंय असं वहीत कुठे दिसत नाही. कलेत राहायचं तर कलेची पदवी हवी, असं तिनेही धरलंय. तुमचाच गैरसमज तिने उलट्या बाजूने उचललाय. तिच्याशी बोलल्यावर काही वेगळं निघालं तर मी मत बदलेन.

एमपीएससी, बँका, सरळसेवा हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. एमपीएससीची खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, दार इतक्यात बंद होत नाही. मन नसताना नवी पेठेतल्या कॉटवर पडून काढलेली वर्षं मात्र परत मिळत नाहीत, आणि तशी मुलं मी खूप पाहिली आहेत.

मग तिने करायचं काय?

गावातल्या किंवा जवळच्या एखाद्या सीए किंवा कर सल्लागाराकडे दोन वर्षं नोकरी. पगार थोडाच असेल. टॅली, जीएसटी, टीडीएस आणि विशेषतः ट्रस्टचं ऑडिट शिकावं. तुमचं मंडळ नोंदलेलं असेल तर बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही. गावोगावच्या मंडळांची कागदपत्रं कशी असतात ते मला ठाऊक आहे : अध्यक्ष वारून दहा वर्षं झाली तरी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी त्यांचंच नाव, बदल अर्ज कोणी केलेला नाही, ऑडिट तीन-चार वर्षं तुंबलेलं. असं असलं की बाहेरचा पैसा येऊच शकत नाही. आणि पैसा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. पुण्याच्या आसपास एमआयडीसी काही कमी नाहीत. पण कंपनी बघते ती प्राप्तिकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (१२अ, ८०जी म्हणतात ती), असा पैसा घेण्यासाठी संस्थेने भरायचा सीएसआर-१ फॉर्म, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. ‘आमचं मंडळ फार जुनं आहे हो’ एवढ्यावर चेक निघत नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून कलाप्रकल्पांना अनुदान देते, तिथेही प्रस्ताव आणि अंदाजपत्रक नीट लिहावं लागतं. हे लिहिता येणारं माणूस एका मंडळाला उपयोगी पडतंच, पण तालुक्यातल्या चार मंडळांची, दोन वाचनालयांची आणि एखाद्या व्याख्यानमालेची कामं फी घेऊन करू शकतं. पुढे शिकायचं असेल तर पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आहे. तिथे नाटक शिकवत नाहीत, संस्था आणि माणसं कशी चालतात ते शिकवतात.

पैशाबद्दल खोटं बोलत नाही. पहिली चार-पाच वर्षं सरकारी कारकुनापेक्षा कमीच मिळेल. नुसत्या एका गावच्या मंडळावर कोणाचंही पोट भरत नाही, म्हणून तर सीएकडची नोकरी आधी सांगितली.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं. ‘ना पगार.’ मंडळाच्या कार्यकारिणीत बहुतेक तुमच्या वयाचे पुरुष असतील. चहा झाला की ‘पोरगी गुणी आहे हो’ म्हणायचं आणि रात्री नऊपर्यंत तिच्याकडून हमालीचे हिशोब लिहून घ्यायचे, वर त्याला सेवा म्हणायचं, हे चालणार नाही. पेंटरला ४,००० देता येतात तर व्यवस्था बघणारीलाही मानधन देता येतं. थोडं का होईना, ठराव करून, व्हाउचरवर सही घेऊन द्यावं. आणि कार्यकारिणीत चिटणीस किंवा खजिनदार म्हणून तिचं नाव लागावं. उद्या कुठे अर्ज करताना ‘मंडळात मदत करते’ याला किंमत नसते, पदाला आणि कागदाला असते. तुम्ही गावात सर आहात, तुमचा शब्द तिथे चालत असेल. मुलीला मंडळातून ओढून आणायला तो वापरण्याऐवजी हे मानधन ठरवायला वापरा. एवढं केलंत तर घरातला निम्मा ताण निवळेल असं मला वाटतं.

नवी पेठेतल्या जागेची अनामत आणि अभ्यासिकेचे पैसे लगेच परत मागा. उशीर केलात तर देणार नाहीत. क्लासचा हप्ता गेला असं समजा.

चाचणीसाठी तुम्ही धरलेली वेळ मी रद्द केली आहे. मुलीला स्वतःहून यावंसं वाटलं तर तिने फोन करावा, आणि येताना वही आणि मंडळाच्या मागच्या तीन वर्षांच्या ऑडिटच्या प्रती आणाव्यात, असतील तर. तुम्ही सोबत आलात तर हरकत नाही, पण पहिला तासभर तुम्हाला बाहेर बसावं लागेल.