नोकरी न सोडता पीएच.डी. होते का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दोंडाईच्याला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवता, वय 34, घरी दोन लहान मुलं, नोकरी सोडणं परवडणार नाही. मग पीएच.डी. झेपेल का, आणि अर्धवेळ केलेल्या पीएच.डी.ला किंमत असते का?

झेपते. मी अमळनेरला अकरावी-बारावीला मराठी शिकवता शिकवता केली. 2017 ला नोंदणी झाली, 2023 ला प्रबंध सादर केला. किमतीचं म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे आणि पूर्णवेळवाल्यांच्या सगळ्या अटी आपल्यालाही आहेत. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे अभ्यासक्रमाचे वर्ग, तेच, प्रबंध तसाच, तोंडी परीक्षाही तीच. फक्त दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही. कोणी तसं मिळवून देतो म्हणाला तर त्याच्या दारात उभं राहू नका.

सगळ्यात आधी संस्थेचं ना हरकत पत्र बघा. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका सरांनी संस्थेचं पत्र जोडलं. त्यात एकच ओळ होती, ‘आमची हरकत नाही.’ ते परत आलं. नियमाप्रमाणे पत्रात तीन गोष्टी लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करायला कामातून मोकळं करू. सर दुसरं पत्र घ्यायला गेले तर अध्यक्ष गावाला गेलेले, सचिव म्हणाले मीटिंगमध्ये ठेवू. तोवर मुदत गेली, वर्ष वाया गेलं. तुम्ही मसुदा स्वतः टाइप करून न्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोलून घ्या, संस्था तिथेच अडते. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यात 55 टक्के लागतात, आणि ते रविवारवर भागत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. पदव्युत्तरला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सूट. 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरलात तर ते गुण एकच वर्ष चालतात. आपल्या जळगावच्या विद्यापीठाची जाहिरात निघाली की ती पूर्ण वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गाइड, म्हणजे मार्गदर्शक, शोधताना संकोच न करता विचारा, जागा आहे का आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत. प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. त्यांच्याकडे आधी नोकरी करणारं कोणी होतं का, त्यालाही भेटा. माझ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायचं, काही लिहिलं नसलं तरी यायचं. त्या शनिवारांनीच मला तारलं.

आता विषय. माझं खरं सांगणं इथे आहे. नोकरी करणाऱ्याला सलग महिना मिळत नाही. सकाळचे दोन तास मिळतात, रविवार मिळतो, मे महिन्याची सुट्टी मिळते. म्हणून साहित्य हाताशी असलेलाच विषय घ्या. पुण्या-मुंबईच्या दप्तरखान्यावर अवलंबून असलेला विषय कितीही भारी वाटला तरी घेऊ नका. मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गौराईची आणि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी घेतली, कारण ती माझ्या सासरच्या घरातच होती.

माझ्या मावससासूबाईंकडे मी तीन वेळा गेले. फोन समोर ठेवून ‘म्हणा ना’ म्हटलं की दोन ओळींनंतर त्या अडकायच्या. ‘बठीसन गानं येत नही, माय,’ म्हणायच्या, म्हणजे नुसतं बसून गाणं येत नाही. चौथ्यांदा गेले ती एप्रिलातल्या एका रविवारी, उन्हं वर यायच्या आत. गच्चीवर खाटेवर ओलं धोतर अंथरलेलं, बाजूला पातेल्यात ज्वारीचा गरम घाटा, आणि त्या हात पाण्यात बुडवून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत होत्या. फोन खाटेच्या पायाशी ठेवला आणि मीही थापायला बसले. हात चालू लागले तसं गाणं आपोआप सुरू झालं. धोतर भरेपर्यंत अकरा गाणी झाली, त्यातली चार मला कुठेच छापलेली सापडली नव्हती. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या सकाळचं आहे. मग 2020 आणि 2021 च्या आखाजीला कोरोनामुळे कुठे जाताच आलं नाही. विषय घरातला नसता तर तिथेच थांबले असते.

तुम्ही तर इतिहासाचे. राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, 1927 पासूनचं. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. आणि 1944 ची चिमठाण्याची खजिना लूट, स्वातंत्र्यलढ्यात क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला ती, तर तुमच्याच शिंदखेडा तालुक्यातली. ती पाहिलेली पिढी गेली, पण त्यांच्याकडून ऐकलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जायला उशीर करू नका, हे मी कळकळीनं सांगते. माझ्या यादीतल्या दोन आजीबाई मी पोचायच्या आत गेल्या.

मुदत तीन ते सहा वर्षांची, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. स्त्रियांना त्यावर दोन वर्षं जास्त मिळतात, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही. घरात किंवा स्टाफमध्ये कोणी ताई अर्ध्यावर सोडायच्या विचारात असेल तर तिला हे जरूर सांगा, अनेकींना माहीतच नसतं. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तिची धास्ती घेऊ नका. आमच्या वेळी प्रबंधाआधी शोधनिबंध छापलेला असणं सक्तीचं होतं, 2022 च्या नियमांत ती सक्ती नाही. तरी एखादा छापाच, लिहायचा हात बसतो. आणि उतारा घेतला की त्याच क्षणी पान क्रमांक टिपा. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या वर गेलं तर प्रबंध दुरुस्तीला परत येतो, आणि तेव्हा जुन्या वह्या चाळत बसायला आपल्याकडे वेळ नसतो.

आपण दोघं सुरत-भुसावळ लाइनवरचेच. अमळनेर ते जळगाव, धरणगाव-पाळधी करत गाडी जाते तेवढ्यात माझं आठवड्याचं वाचन व्हायचं. तुम्हाला दोंडाईच्याहून आणखी जास्त वेळ मिळेल. खिडकीजवळची जागा धरा, जाताना वाचा आणि येताना सर काय म्हणाले ते लिहून काढा. घरी पोचल्यावर मुलं अंगावर येतात, मग ते राहून जातं.

ना हरकत पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच खाली लिहा, देते.